टेबलाआधी खुर्ची मोजा

पेणला गणपतीची मूर्ती सांगायला जाणारा माणूस घरच्या मखराचं माप खिशात घेऊन जातो. पाटासकट उंची किती भरेल, मुकुटावर किती जागा सुटेल, मागची प्रभावळ आराशीला घासणार तर नाही ना, हे सगळं कारखान्यात उभ्या उभ्या विचारून घेतलं जातं आणि त्यात इंचभराचीही तडजोड कुणी सहजासहजी करत नाही. मूर्ती घरात राहते दीड दिवस, पाच दिवस, फार तर दहा. पुढची पंधरा-वीस वर्षं रोज दोन वेळा ज्यावर जेवायचं ते टेबल घ्यायला तोच माणूस पनवेलला नाहीतर उल्हासनगरला जातो, तेव्हा टेपही बरोबर नेत नाही. चार खुर्च्यांचं की सहा, वर काच की सनमायका, सागवान की रबरवुड, घरपोच कधी द्याल, इतकं विचारून होतं. उंची तेवढी विचारायची राहते, कारण टेबलाची उंची ठरलेलीच असते असा सगळ्यांचा समज. आणि ती खरंच ठरलेली असते: टेबल २९ ते ३० इंच, खुर्चीची बैठक जवळजवळ १८ इंच. प्रश्न एवढाच की ती कुणासाठी ठरली. पेण-रोह्याकडच्या सर्वसाधारण घराला हे माप दोन ते तीन इंचांनी उंच पडतं, असं माझं म्हणणं आहे. ते पटवून घ्यायचं तर टेबल बाजूला ठेवून आधी खुर्चीकडे, आणि खुर्चीच्याही आधी घरातल्या माणसांच्या पायांकडे बघावं लागेल.

तीस इंची टेबल आणि अठरा इंची खुर्ची ही जोडी युरोप-अमेरिकेतल्या कारखान्यांत रुळली, तिथल्या शरीरांना आणि तिथल्या सवयींना धरून. जगभरातल्या माणसांच्या उंचीचा एक मोठा तुलनात्मक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात १९९६ साली जन्मलेल्या भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५३ सेंटिमीटर आणि पुरुषाची सुमारे १६५ सेंटिमीटर निघाली. त्याच यादीत नेदरलँडचा पुरुष १८२ च्या वर होता आणि तिथली स्त्री १६८ च्या वर, म्हणजे आपल्या सरासरी पुरुषाहून उंच. शिवाय हे आकडे तरुण पिढीचे. घरातल्या सासूबाई, आजी बहुधा याहून ठेंगण्याच असतात. परदेशी तक्त्यांवरून बनवलेल्या वस्तू आपल्या अंगाला बसत नाहीत ही तक्रार जुनीच आहे. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने १९९७ साली देबकुमार चक्रबर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक काढलं ते याच गरजेतून. कपाटाचा वरचा खण, बसची दांडी, कारखान्यातलं यंत्र, खुर्ची, या सगळ्यांना आपल्या माणसांचे आकडे लागतात. जेवणाच्या टेबलाच्या बाबतीत मात्र हे आकडे कुणी मागितले नाहीत आणि दुकानदारांनीही आपणहून दिले नाहीत.

उंचीच्या फरकात चपलांची भर पडते. खुर्चीची पाश्चात्त्य मापं काढताना पायात बूट आहेत असं धरून इंचभर वाढवून घेण्याची पद्धत आहे, कारण तिकडे बूट घालून जेवायला बसणं नेहमीचं. आपल्याकडे चपला पडवीत, ओटीवर नाहीतर फ्लॅटच्या दाराबाहेर राहतात आणि जेवताना पाय उघडे असतात. तेव्हा तो एक इंच कुठलाही हिशोब न मांडता वजा करायला हरकत नाही. पुढचं माप ज्याचं त्याने घ्यावं. साध्या स्टुलावर अनवाणी बसा, मांड्या जमिनीला समांतर, पोटऱ्या सरळ खाली. गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत टेप धरा. पाच फुटांच्या बाईचं हे माप साधारण १५ इंच भरतं, साडेपाच फुटांच्या पुरुषाचं १६ ते साडेसोळा. अठरा इंची खुर्चीवर ती बाई बसली की तिचे पाय तीन इंच अधांतरी. मग ती काय करते, तर खुर्चीच्या पुढच्या कडेवर सरकते आणि पाठीला टेका उरत नाही. किंवा चवड्यांवर पाय टेकवते आणि पोटऱ्या ताणलेल्या राहतात. किंवा सरळ एक पाय वर घेऊन मांडी घालते. खुर्चीवर मांडी घालून बसण्याला लोक जुनी सवय म्हणून हसतात. माझ्या मते बऱ्याचदा तो खुर्चीच्या चुकीवर अंगाने काढलेला तोडगा असतो. पाय लोंबकळत राहिले की खुर्चीची कड मांडीखाली रुतते, मुंग्या येतात, आणि जेवण अर्ध्यावर आलं की माणूस चुळबुळ करू लागतो.

आता टेबल. ते जमिनीपासून किती उंच आहे यापेक्षा बैठकीपासून किती उंच आहे हे महत्त्वाचं, कारण जेवणारा जमिनीवर नसतो, बैठकीवर असतो. सरळ बसून हात खाली सोडला आणि कोपरात दुमडला की बैठकीपासून कोपरापर्यंतचं अंतर पाच फुटांच्या बाईचं आठ इंचांच्या आसपास येतं, पुरुषाचं थोडं अधिक. बाजारच्या जोडीत बैठक आणि टेबल यांच्यात १२ इंच असतात. म्हणजे टेबलाचा पृष्ठभाग कोपराच्या चार इंच वर. त्यावर स्टीलचं ताट, ताटात वाटी. वाटीची कड आणखी दोन इंच वर. वाटीतलं बिरडं घ्यायला बोटं आत घालायची तर कोपर बाहेर काढून वर उचलावं लागतं आणि त्याच्याबरोबर खांदाही चढतो. एकदा चढला तर काही बिघडत नाही. एका जेवणात हात वाटीत आणि ताटात पन्नास-साठ वेळा सहज जातो, आणि जेवून उठल्यावर मान आखडल्यासारखी का वाटते हे कुणाच्या ध्यानात येत नाही. अंतर बारावरून साडेदहा-अकरावर आणलं की हा ताण बराच उतरतो. तेव्हा हिशोब असा: बैठक साडेसोळा इंच, त्यावर साडेदहा ते अकरा, मिळून टेबल २७ ते साडेसत्तावीस इंच. बाजारच्या तीस इंचांतून जे अडीच-तीन इंच गेले त्यातले दीड पायांच्या नावावर आणि उरलेले कोपराच्या.

पंधरा इंची पाय असलेल्या बाईसाठी बैठक पंधराच का नको, असं कुणी विचारील. एकटीचं घर असेल तर जरूर करावी. पण एका टेबलाभोवती साडेपाच फुटी पुरुषही बसतात, आणि फार खालच्या बैठकीवरून उठताना गुडघ्यांवर जोर येतो. साडेसोळा ही तडजोड आहे. तिच्यात बुटक्या माणसाचे पाय इंच-दीड इंच कमी पडतात, ते पायाखाली पाट सरकवून भरून काढता येतं. बाजारच्या खुर्चीवर मात्र त्याच माणसाला एक पाट पुरत नाही.

हाताने जेवणं हा या सगळ्या हिशोबातला सगळ्यात दुर्लक्षिलेला भाग. काट्या-चमच्याने खाणाऱ्याची मनगटं टेबलाच्या कडेशी टेकलेली असतात आणि घास धातूच्या दांडीवरून वर जातो. टेबल उंच असलं तर दांडीचा प्रवास कमी होतो, म्हणून त्याला ते चालतं. आपली गोष्ट निराळी. पेणच्या खारपट्ट्यात जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी कशी खाल्ली जाते ते बारकाईने पाहावं. भाकरीचा तुकडा एकाच हाताने तोडायचा असतो. तर्जनी आणि अंगठा तुकडा ओढतात, उरलेली बोटं आणि तळव्याची कड भाकरी ताटावर दाबून धरतात. हा जोर खाली जातो. मनगट कोपराच्या खालच्या बाजूला किंवा निदान बरोबरीला असेल तर दंडाचं वजनच काम करतं. ताट कोपराच्या चार इंच वर असेल तर मनगट उलटं मुडपून जोर लावावा लागतो. तांदळाची भाकरी ताजी, मऊ असते तोवर हे जाणवत नाही, रात्रीची उरलेली सकाळी खाताना जाणवतं. मग मासा. काटे निवडायचे तर नजर ताटात वरून पडायला हवी आणि बोटांना बाजूने सुटी जागा हवी. टेबल उंच असलं की ताट छातीशी येतं आणि नजर तिरकी पडते. भात कालवतानाही तेच: बोटं वरून खाली, तळवा ताटाला समांतर. हे सगळे व्यवहार पोळपाट-लाटण्याच्या जातीचे आहेत, वरून दाबण्याचे, आणि असं कुठलंही काम कोपराच्या वर चांगलं होत नाही. उभ्याने पोळ्या लाटणाऱ्या बाईला ओटा उंच वाटतो तेव्हा ती घरात स्पष्ट बोलून दाखवते. जेवणाच्या टेबलाविषयी तसं बोलायची रीत नाही, एवढंच.

यावर एक आक्षेप तयारच असतो. टेबल खाली घेतलं की तोंड आणि ताट यांच्यातलं अंतर वाढणार, मग वाकून जेवावं लागणार, कालवण शर्टावर सांडणार. त्यापेक्षा उंच टेबल बरं. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचं माप काढून पाहिलं की तो फिका पडतो. पाच फुटांच्या बाईचं तोंड बैठकीपासून साधारण २५ इंचांवर असतं. बाजारच्या टेबलावर टेबलापासून तोंडापर्यंत १३ इंच उरतात, मी सांगतो त्या मापात १४ ते साडेचौदा. याउलट पाटावर बसून, ताट जमिनीवर घेऊन जेवताना हेच अंतर दोन फुटांच्या घरात जातं, आणि तसं जेवून कोकणातल्या किती पिढ्या पंक्तींतून उठल्या, धोतर-लुगड्यांना डाग न पाडता. कारण घासाला माणूस कमरेतून पुढे येतो, पाठीतून नाही. खुर्चीवर कमरेतून पुढे यायचं तर तळपाय जमिनीवर रोवलेले हवेत. लोंबकळत्या पायांनी पुढे झुकायला गेलं की तोल जातो, म्हणून माणूस झुकतच नाही, पाठ गोल करून मान पुढे काढतो. तेव्हा वाकून जेवण्याची तक्रार असेल तर तिचं मूळ टेबलाच्या उंचीत कमी आणि खुर्चीच्या उंचीत जास्त सापडेल. टेबल पंचवीस-सव्वीस इंचांपर्यंत उतरवलं तर हा आक्षेप खरा ठरेल. तितकं खाली जाऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त सरळ: इंच-दीड इंचाने असं काय होतं? याला उत्तर देण्यापेक्षा करून बघावं, खर्च काही नाही. घरच्या खुर्चीवर नेहमीसारखं जेवायला बसा आणि पायाखाली देवघराजवळचा नाहीतर स्वयंपाकघरातला पाट घ्या. पाट साधारण दीड-दोन इंच उंच असतो. मांडीखालची कड सैल झाली, पाठ आपोआप मागे टेकली तर तुमची खुर्ची तेवढी उंच आहे. दुसऱ्या दिवशी उलट करा: पायाखालचा पाट काढून बैठकीवर जाड चादरीची घडी ठेवा आणि जेवा. पाय आणखी लोंबतील, पण खांदे सुटतील, कारण आता टेबल कोपराच्या जवळ आलं. या दोन जेवणांत दोन्ही चुका वेगवेगळ्या ओळखू येतात. पहिल्याने फरक पडला तर दोष बैठकीचा, दुसऱ्याने पडला तर अंतराचा, दोन्हींनी पडला तर दोन्हींचा. आणि बाजारच्या संचात बहुधा दोन्हींचाच असतो. परीक्षा भात-आमटीच्या पुऱ्या जेवणाने घ्या. दुकानात खुर्चीवर टेकून दोन मिनिटांत उठलं तर कुठलंही टेबल बरंच वाटतं.

अंतर कमी करताना एक अडचण येते आणि ती सुताराला आधी सांगावी लागते. टेबलाच्या फळीखाली चारही बाजूंनी एक उभी पट्टी असते, पाय तिच्यात बसवलेले असतात. ही पट्टी चार इंच रुंद आणि वरची फळी एक इंच जाड असेल, तर अकरा इंचांतले पाच तिथेच गेले. खाली राहिले सहा. बसलेल्या माणसाची मांडी साडेपाच-सहा इंच जाडीची असते, म्हणजे ती पट्टीला घासणार, आणि पाय हलवायला जागा उरणार नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त टेबलं याच कारणाने तीस इंचांवर जाऊन बसली आहेत: पट्टी रुंद ठेवली की टेबल डुगडुगत नाही, आणि मांडीला जागा हवी म्हणून मग सगळंच वर उचललं जातं. उपाय सोपा आहे. पट्टी अडीच ते तीन इंचांची करावी, कडेपासून चार-पाच इंच आत घ्यावी, आणि मजबुतीसाठी पायांना खालच्या बाजूला एक आडवी दांडी द्यावी. ती बुटक्या माणसांना पाय ठेवायलाही कामाला येते. लोखंडी चौकट करून घेत असाल तर दीड इंची पाइपात हे आणखी सहज जमतं. मांडी घालून बसणारं कुणी घरात असेल तर त्याच्यासाठी बिनहाताची, अठरा-एकोणीस इंच रुंद खुर्ची घ्यावी आणि पट्टीखाली सात-आठ इंच मोकळे आहेत हे टेप लावून पाहावं. टेबलाखाली कप्पे, मसाल्याचे ड्रॉवर, वर्तमानपत्राची जाळी वगैरे हौशी काढून टाकाव्यात. ते सगळं मांडीच्या जागेतून वजा होतं.

घरात उंची एकसारखी नसते. मुलगा पावणेसहा फूट, आई पाच फूट. माप कुणाचं धरायचं? सरासरी काढायचा मोह होतो, पण सरासरी उंचीचं माणूस घरात कुणीच नसतं. बुटक्या मोठ्या माणसाचं माप धरावं आणि ते इंच-दीड इंचाने उंच करावं. उंच माणसाला थोडी खालची खुर्ची चालते. त्याचे गुडघे किंचित वर येतात, तो पाय पुढे सोडतो आणि जेवतो. बुटक्याला उंच खुर्चीवर पाय खाली सोडायला जमीनच नसते. शिवाय उंच मुलगा बहुधा दहा-बारा मिनिटांत जेवून उठतो. टेबलाशी सगळ्यात जास्त वेळ बसते ती घरातली बाईच: शेंगा सोलणं, वाल निवडणं, मुलांना भरवणं, आणि सगळ्यांच्या नंतर जेवणं. माप तिचं असावं यात भावनेचा काही भाग नाही, वापराच्या तासांचाच हिशोब आहे. लहान मुलांसाठी टेबल खाली आणण्याच्या फंदात पडू नये. मुलं वाढतात; त्यांची बैठक उशीने वर घ्यावी आणि पायाला टेकण द्यावं.

म्हाताऱ्या माणसांचं काय, हा आक्षेप मात्र सहज झटकता येणार नाही. गुडघे दुखणाऱ्याला, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्याला खालच्या खुर्चीवरून उठणं खरंच कठीण जातं आणि डॉक्टरही त्याला उंच बैठकीवर बसायला सांगतात. तेव्हा सबंध घराचं टेबल तीस इंचांवर नेण्यापेक्षा त्या एका माणसाची खुर्ची वेगळी करणं बरं. अठरा इंचांची, टणक बैठकीची, दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची घ्यावी, पायाखाली रुंद, न घसरणारं टेकण द्यावं आणि उठताना ते बाजूला सरकवावं. उठायला खरा आधार हातांचा होतो. हातावर भार देऊन उठता आलं तर बैठकीचे एक-दोन इंच तितके महत्त्वाचे राहत नाहीत. अशा खुर्चीचे हात बैठकीपासून आठ-नऊ इंच वर असतात, म्हणजे ते टेबलाच्या पट्टीखाली शिरणार नाहीत आणि आजोबा टेबलापासून वीतभर लांब राहतील. यासाठी हात आखूड, मागेच संपणारे निवडावेत, किंवा त्यांची जागा टेबलाच्या टोकाला ठेवून तिथली पट्टी आत घ्यावी. फोमच्या बैठकीची उंची माणूस बसल्यावर मोजावी. दोन इंची मऊ फोम बसल्याबरोबर इंचभर दबतो आणि गुडघेदुखीवाल्याला मऊ बैठकीतून निघणं सगळ्यात अवघड.

मग टेबल हवंच कशाला, जमीन काय वाईट आहे, असं विचारणारेही या भागात पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. ज्याला मांडी घालता येते, हात न टेकता उठता येतं, त्याला टेबलाची गरज नाही, आणि सणावारी घर भरतं तेव्हा जमिनीवरची पंगत कुठल्याही सहा खुर्च्यांच्या टेबलापेक्षा जास्त माणसं जेवू घालते. पण घरातल्या एकाला जरी खाली बसणं जमेनासं झालं तरी तो एकटा वर आणि बाकीचे खाली असं जेवण कुणाला गोड लागत नाही. टेबल येतं ते बहुधा असं. म्हणूनच ते आणताना जमिनीवरच्या जेवणात अंगाला जे मिळत होतं, म्हणजे टेकलेले पाय, खाली असलेलं ताट, कमरेतून झुकायची मुभा, ते जितकं टिकवता येईल तितकं टिकवावं.

रोह्यात आणि धाटावच्या बाजूला उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींत जागा वाचवण्यासाठी ओट्यालाच जोडून उंच काउंटर आणि त्यापुढे दोन स्टुलं, अशी टूम निघाली आहे. काउंटर ३६ इंचांचा, स्टूल २४-२६ इंचांचं. बैठक आणि काउंटर यांच्यातलं अंतर इथे ठीक असतं, फक्त पाय दांडीवर टेकवून वर्तुळाकार छोट्या बैठकीवर तोल सांभाळत बसावं लागतं. चहा-पोह्यांपुरतं ते छान आहे. भात, बिरडं, तळलेला बोंबील, ताक असं ताट तिथे अर्धा तास जेवून पाहावं आणि मग कंत्राटदाराला होकार द्यावा. म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना असं स्टूल देऊच नये, पडण्याची भीती असते. जागा कमीच असेल तर भिंतीला बिजागरीने लावलेलं मिटतं टेबल २७ इंचांवर बसवता येतं आणि काउंटरपेक्षा ते स्वस्तही पडतं. तेच टेबल मुलांच्या अभ्यासालाही बरं, कारण लिहिताना हात टेकायला कोपराच्या जरा वरची उंचीच लागते. लॅपटॉपवर दिवसभर काम करणाऱ्याने मात्र वेगळी सोय करावी.

तयार संच घरात आधीच आला असेल तर तो टाकून द्यायचं कारण नाही, पाय छाटता येतात. फक्त टेबल आणि खुर्च्या यांचा विचार एकत्र करावा. नुसत्या खुर्च्या छाटल्या तर अंतर आणखी वाढेल आणि खांदे जास्त चढतील. नुसतं टेबल छाटलं तर मांडी अडकेल का ते आधी बघावं. बारा इंचांचं अंतर अकरावर आणायचं आणि बैठक साडेसोळावर, तर खुर्च्यांचे दीड इंच आणि टेबलाचे अडीच इंच जातील. टेबलाचे पाय सरळ असतील तर काम तासाभराचं. खुर्चीचे मागचे पाय तिरपे असतात, त्यामुळे चारही पाय सारखे छाटले तर जमिनीला टेकणारी कड तिरकी राहते. चांगला सुतार गुण्या लावून, खुर्ची सपाट फळीवर उभी करून, चारही पायांभोवती एकाच उंचीवर रेघ मारतो आणि मगच करवत लावतो. दोन सूत चुकले तरी खुर्ची लंगडते. नवीन टेबल करून घेत असाल तर सुताराला पाय २८ इंचांचे ठेवायला सांगा, पॉलिश करण्याआधी घरात आणवून घ्या, सगळ्यांना बसवून एक जेवण होऊ द्या आणि मग काय छाटायचं ते ठरवा. कमी केलेलं वाढवता येत नाही, म्हणून एका वेळी अर्धा इंचच काढावा. फरशीला उतार असेल, जुन्या घरांत पडवीकडे तो असतोच, तर टेबल जिथे कायम राहणार तिथेच पाणसळ ठेवून पाहावी. पायाला रबरी बूच लावणार असाल तर त्याची जाडीही मापात धरावी. आणि छाटलेल्या टोकांना पॉलिशचे किंवा लाकडावरच्या वॉर्निशचे दोन-तीन हात तिथल्या तिथे द्यावेत. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकातून, आणि आपल्याकडे जूनपासून चार महिने फरशी पुसली तरी ओलीच राहते.